कोकमाचं सार प्या, कॅप्सूल राहू द्या
कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात या आठवड्यात खोकल्याच्या गोळ्यांशेजारी ‘गार्सिनिया’च्या बाटल्यांची चळत दिसली, चरबी वितळवणारा वनस्पतीचा अर्क म्हणे. आता गार्सिनिया म्हणजे आपल्या रातांब्याचंच कूळ. कोकणात ज्याची सालं खारवलेल्या रसात बुडवून पुन्हापुन्हा उन्हात घालतात, त्या कोकमातही कॅप्सूलमधलंच हायड्रॉक्सिसिट्रिक आम्ल असतं. उंदरांवर त्यानं गुण दाखवला. पण १९९८ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या चाचणीत १३५ स्थूल माणसांना १२ आठवडे पारखलं, तेव्हा अर्क घेणारे आणि खोटी गोळी घेणारे वजनकाट्यावर सारखेच उतरले. उलट अशा कॅप्सूलांनी यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. सोलकढी पिऊन कुणाचं यकृत बिघडल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. मधुमेहावर उपाय म्हणून खपणाऱ्या गुडमार वेलीचीही तीच गंमत: पान चावून वर साखर खाल्ली तर वाळू चघळल्यासारखी लागते, पण जीभ फसली म्हणून स्वादुपिंड फसत नाही. मेथीदाण्यात मात्र तथ्य आहे. भिजवल्यावर येणारा तो बुळबुळीतपणा म्हणजे विरघळणारे तंतू. ते साखर रक्तात सावकाश उतरू देतात. आणि आपण शहाणे कारल्याचा रस गाळून तंतूंचा चोथा तेवढा कचऱ्यात टाकतो! माझं मत सरळ आहे: भाजी ताटात शोभते, बाटलीत नाही. तरी अर्क घेणारच असाल, तर डॉक्टरांच्या कानावर घाला आणि मधुमेहाची गोळी परस्पर बंद करू नका.