कौल आणि केमो

आमच्या गोव्यात मोठ्या कार्याआधी देवाला कौल लावतात. मूर्तीवर चिकटवलेल्या पाकळ्या, कळ्या. उजवी पडली की होकार. लग्न, जमीन, नोकरी... विचारावे की! पण केमोथेरपी घ्यावी की नाही, हे मात्र देवीला विचारू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ते डॉक्टरांना विचारावे. देवीकडे बळ मागावे.

माझी मावसबहीण सुरतेजवळ कामरेजला असते. तिच्या सासूबाईंना केमो चालू असताना आषाढ शुद्ध सप्तमी आली. तो तापीमातेचा जन्मदिवस. त्या दिवशी नदीला चुंदडी अर्पण करतात. सासूबाईंचा हट्ट, मी येणारच! केमोनंतर साधारण सात ते चौदा दिवसांत रक्तातल्या पांढऱ्या पेशी सर्वांत कमी होतात. अशा वेळी गर्दीतला साधा खोकलाही जिवावर बेतू शकतो. बहिणीने वाद घातला नाही. नातवाच्या हाती चुंदडी दिली, सासूबाईंनी खाटेवरूनच हात जोडले. नवस फिटला. यात अश्रद्धा कुठे आली?

एकादशीचेही तेच. आजाऱ्याला उपवासातून सूट शास्त्रानेच दिलेली आहे. कच्च्या दुधाचे पंचामृत, उघड्यावरचा प्रसाद कपाळाला लावून बाजूला ठेवावा. आणि ताप १००.४ फॅरनहाइटवर गेला तर आधी इस्पितळ गाठावे, अंगारा नंतर. तिथे तासांचा हिशोब असतो.

मला खरा राग येतो तो भेटीला येणाऱ्यांचा. "श्रद्धा ठेव, बरी होशील" हे वाक्य वरून गोड आहे. पण गाठ वाढली तर त्या बाईने काय समजायचे? आपली श्रद्धाच कमी पडली? केस गेले, तोंडात फोड आले, त्यावर हा अपराधाचा भार! त्यापेक्षा शेजारी बसून हरिपाठ म्हणावा. तिला नको असेल तर गप्प बसावे.

असो. आपण अंगणातली जी सदाफुली देवाला वाहतो, तिच्यातूनच १९५० च्या दशकात व्हिन्ब्लास्टिन हे कर्करोगावरचे औषध मिळाले. व्हिन्क्रिस्टिनही तिचेच. मात्र म्हणून कुणी तिची पाने वाटून रोग्याला पाजू नयेत, ती विषारी आहेत. फूल देवाला, औषध इस्पितळातले.