गल्लीतलं पिल्लू घरी नेताय?

पौष-माघात आपल्या छत्रपती संभाजीनगर शहरातल्या कुठल्याही वसाहतीत एक चक्कर मारून या. सिडको-हडकोतले मोकळे प्लॉट, गारखेड्यात बांधकामापुढं पडलेले वाळूचे ढीग, सातारा परिसरातल्या अर्धवट इमारतींचे जिने, जिथं थोडा आडोसा आणि थोडी ऊब असेल तिथं दीड-दोन महिन्यांची पिल्लं एकमेकांच्या अंगावर झोपलेली दिसतील. भाद्रपद हा कुत्र्यांचा महिना. कुत्री साधारण 63 दिवसांत विते, म्हणजे कार्तिक-मार्गशीर्षात पिल्लं होतात आणि संक्रांतीच्या सुमाराला ती आईचं दूध सोडून रस्त्यावर येऊ लागतात. त्यातली बरीचशी पुढचा पावसाळा बघत नाहीत. काही गाडीखाली जातात, काही पार्व्हो या विषाणूच्या रोगानं मरतात, काही चैत्रातल्या उन्हात पाण्यावाचून. तुमच्या घरात कुत्रं पाळायचा विषय चालू असेल तर माझी कळकळीची विनंती आहे, विकत आणू नका. यातलं एक न्या. मात्र नेण्याआधी घरातल्या सगळ्यांनी एकत्र बसून पुढच्या बारा-चौदा वर्षांचं बोलून घ्या.

हे बोलणं लोक टाळतात. मुलाचा हट्ट असतो, पिल्लू गोंडस असतं, आणि सहा महिन्यांनी ते कुणाचंच नसतं. मुलगा आज सातवीत असेल तर हे कुत्रं म्हातारं होईल तेव्हा तो पुण्यात नोकरीला असेल. तेव्हा कुत्र्याला दवाखान्यात कोण नेणार? वाळूज, शेंद्रा, चिकलठाण्याच्या कंपन्यांत कामाला असलेली कितीतरी कुटुंबं भाड्यानं राहतात. बदली झाली, घरमालक बदलला की पहिली गदा कुत्र्यावर येते. घरात वाढलेलं कुत्रं रस्त्यावर सोडणं म्हणजे त्याला मरायला सोडणं आहे. कचऱ्यातलं अन्न शोधायचं, दुसऱ्या टोळीपासून जीव वाचवायचा, हे त्याला कुणी शिकवलेलंच नसतं. उपासमारीनं, तहानेनं हाल होतील अशा रीतीनं जनावर टाकून देणं हा 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हा आहे. त्याचा दंड जुन्या काळातला, अगदीच किरकोळ आहे, म्हणून कुणी मनावर घेत नाही. सर्वोच्च न्यायालयानं 22 ऑगस्ट 2025 च्या आदेशात भटकी कुत्री दत्तक घ्यायची वाट मोकळी ठेवली, तीही याच अटीवर: दत्तक घेतलेलं कुत्रं पुन्हा रस्त्यावर दिसता कामा नये. ही अट ज्याला झेपणार नाही त्यानं कुत्रं आणू नये, आणि तसं कबूल करण्यात काही कमीपणा नाही.

आता गावठीच का, ते सांगतो. मराठवाड्याचा मे महिना तुम्हाला ठाऊक आहे. पारा चाळिशीच्या वर जातो आणि रात्रीही भिंती गरम राहतात. अशा हवेत सैबेरियाच्या बर्फात गाडी ओढणाऱ्या हस्कीला दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत ठेवणं मला पाहवत नाही. चपट्या नाकाच्या पगचे हाल तर थंडीतही थांबत नाहीत, कारण त्याला श्वासच पुरत नाही. गावठी कुत्र्याचं अंग इथल्या हवेला धरून घडलं आहे. केस आखूड, अंग सडपातळ, लांब तोंड, आणि खाण्याचे नखरे कमी. लातूरकडचा कारवान हासुद्धा आपल्याच मातीतला, देखणा आणि वाऱ्यासारखा पळणारा. पण त्याला रोज मोकळ्या रानात धावायला लागतं, तेव्हा शेत असेल तरच त्याचा विचार करा. इतकं करूनही विशिष्ट जातीचंच पिल्लू हवं असेल तर कुत्र्यांच्या पैदाशीच्या आणि विक्रीच्या 2017 च्या नियमांप्रमाणे विकणाऱ्याची राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंद असावी लागते आणि आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. महिन्याभराचं पिल्लू खोक्यात घालून हातात देणाऱ्याकडून काही घेऊ नका.

आठ आठवड्यांचा हा नियम गल्लीतल्या पिल्लालाही लावा. आई जिवंत असेल आणि जवळ असेल तर तोवर पिल्लू उचलू नका. किती जोरात चावलं की दुसऱ्याला लागतं, हे पिल्लू आपल्या भावंडांशी खेळतानाच शिकतं. लवकर तोडलेलं पिल्लू पुढं घरातल्या लेकरांचे हात फोडतं. तोपर्यंत आईला खायला घाला आणि रोज दहा मिनिटं पिल्लांजवळ बसा. कोणतं पिल्लू आपणहून येऊन तुमच्या चपलेचा वास घेतं ते बघा. डोळे स्वच्छ, हिरड्या गुलाबी, शेपटीखालची जागा कोरडी असावी. पोट टम्म आणि बरगड्या उघड्या दिसत असतील तर पोटात जंत आहेत. त्यावर साधं औषध आहे, तेवढ्यासाठी पिल्लू नाकारू नका.

घरी आणल्यावर पहिली खेप दवाखान्याची, नाव ठेवायचा कार्यक्रम नंतर. आपल्याकडं खडकेश्वरला सरकारी जनावरांचा दवाखाना आहे, शिवाय खासगी डॉक्टर आता बहुतेक भागांत मिळतात. आधी जंताचं औषध, मग सहा ते आठ आठवड्यांच्या वयात पार्व्हो आणि डिस्टेंपरची पहिली लस, तीन-चार आठवड्यांच्या अंतरानं पुढचे डोस, तीन महिन्यांचं झालं की रेबीजची. पुढं डॉक्टर सांगतील तशी दरवर्षी. लसींची वही आधारकार्डाइतकी जपून ठेवा. पिल्लानं खाणं सोडलं, उलट्या सुरू झाल्या आणि रक्ताचा, उग्र वासाचा जुलाब झाला तर तो पार्व्हो समजून तासाभरात दवाखाना गाठा. हळद-ताक पाजून रात्र काढली तर सकाळी उशीर झालेला असतो. पार्व्होचा विषाणू मातीत कित्येक महिने टिकतो, म्हणून जिथं आधी एखादं पिल्लू या रोगानं मेलं आहे तिथं लसी पूर्ण होईपर्यंत नवं पिल्लू खाली सोडू नका.

खाण्याच्या बाबतीत आपल्याकडं दोनच गोष्टी चालतात, दूध-पोळी आणि ग्लुकोज बिस्किटं. दुधानं अनेक पिल्लांना हगवण लागते, बिस्किटात साखर आणि मैद्याशिवाय काही नसतं. ज्वारीची भाकरी किंवा भात चालतो, पण त्यासोबत अंडं, उकडलेलं चिकन, थोडं दही असं काहीतरी हवंच. मीठ-मसाला नको. कांदा, लसूण, चॉकलेट, द्राक्षं आणि मनुका कुत्र्याला विषासारखे आहेत, तेव्हा काल उरलेला रस्सा त्याच्या ताटलीत ओतण्याआधी त्यात कांद्याचं वाटण आहे हे आठवा. शिजवलेलं हाडही देऊ नका. ते टोकदार फुटतं आणि आतडं कापतं. शाकाहारी घरांना माझा सल्ला असा की अंड्यापुरती तरी वेगळी ताटली ठेवायची तयारी नसेल तर डॉक्टरांना विचारून तयार खाद्य द्या, नुसत्या वरण-भातावर पिल्लाची वाढ होत नाही.

शिस्त लावणं हे सगळ्यात कष्टाचं आणि सगळ्यात दुर्लक्षित काम. पहिले दोन महिने इथं घातलेत तर पुढची बारा वर्षं सुखाची जातात. शी-शूपासून सुरुवात करा. पिल्लू झोपेतून उठलं, खाऊन झालं, खेळून थांबलं की लगेच उचलून अंगणात किंवा ठरलेल्या जागी न्या आणि तिथंच थांबा. ते गोल फिरून जमीन हुंगू लागेल. बोलू नका, हलू नका. झालं की त्याच क्षणी शाबासकी द्या आणि चण्याएवढा चिकनचा तुकडा तोंडात घाला. पाच मिनिटांनी दिलेलं बक्षीस कशाबद्दल होतं ते त्याला कळत नाही. घरात घाण केली तर नाक त्यात घासायचं, वर्तमानपत्राच्या गुंडाळीनं हाणायचं, हे प्रकार सोडून द्या. त्यातून पिल्लू एवढंच शिकतं की तुमच्या समोर करायचं नाही, आणि मग पलंगाखाली जाऊन करतं.

शब्द थोडे ठेवा आणि सगळ्यांनी तेच वापरा. आजी म्हणते ‘बैस’, मुलगी म्हणते ‘सिट’, बाबा म्हणतात ‘ए, खाली’. बिचारं कुणाचं ऐकणार? ‘ये’, ‘बस’, ‘थांब’, ‘सोड’ एवढे चार शब्द पुरे आहेत. तुकडा नाकापासून हळूहळू डोक्यावरून मागं नेला की त्याचं ढुंगण आपोआप टेकतं. टेकलं की ‘बस’ म्हणा आणि तुकडा द्या. दिवसातून तीनदा, पाच-पाच मिनिटं, जेवणाआधी. ‘ये’ म्हणून बोलावून कधीही रागावू नका, नाहीतर ज्या दिवशी ते जालना रोडवर सुटेल त्या दिवशी तुमच्या हाकेला येणार नाही. साधारण चौदा आठवड्यांच्या आत पिल्लाला जे भेटतं ते त्याला आयुष्यभर आपलं वाटतं. लसी पूर्ण झाल्या नसल्या तरी कडेवर घेऊन त्याला रिक्षा, शाळेची घंटा, भाजीवाल्याची आरोळी, बुरख्यातल्या बाया, काठी टेकत चालणारे आजोबा, सगळं दाखवून आणा. हे न पाहिलेलं कुत्रंच मोठेपणी अंगावर धावून जातं.

उन्हाळ्यात फिरवणं सकाळी सातच्या आत आणि अंधार पडल्यावर. डांबरी रस्त्यावर हाताची पालथी बाजू टेकवून सात आकडे मोजा. तुम्हाला सोसत नसेल तर त्याच्या पंजांनाही सोसत नाही. कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही, ते धापा टाकूनच अंग गार करतं. धापा थांबेनाशा झाल्या, लाळ चिकट झाली, हिरड्या गडद लाल दिसल्या, चालताना झोक जाऊ लागला की उष्माघात झाला. सावलीत घ्या, पोट, काखा आणि पंजे साध्या पाण्यानं भिजवा, पंखा लावा आणि दवाखान्यात न्या. बर्फ चोळू नका. गच्चीवर पत्र्याखाली साखळीनं बांधलेली कुत्री मी दर मे महिन्यात बघतो. पाण्याची वाटी उलटलेली असते आणि साखळी सावलीपर्यंत पोचत नाही. असं बांधायचं असेल तर कृपा करून कुत्रं पाळू नका.

नळाला कित्येक दिवसांनी पाणी येणाऱ्या आपल्या शहरात कुत्र्याच्या आंघोळीवरून घरात भांडणं होतात. त्याला महिन्यातून एक आंघोळ पुरते. त्याऐवजी रोज ब्रश फिरवा, आणि फिरवताना कानामागं, काखेत, बोटांच्या बेचक्यांत गोचीड चाचपून बघा. गोचिडांतून येणारा ताप आपल्याकडं फार कुत्री नेतो. खाणं कमी, हिरड्या पांढुरक्या, नाकातून रक्त ही त्याची खूण. पिण्याच्या पाण्यात मात्र काटकसर नको. पंधरा किलोच्या कुत्र्याला दिवसाला साधारण लिटरभर पाणी लागतं, उन्हाळ्यात त्याहून जास्त.

सहा महिन्यांच्या आसपास डॉक्टरांना विचारून नसबंदी करून घ्या, मादी असो वा नर. ‘एकदा तरी पिल्लं होऊ द्यावीत’ हा आग्रह चुकीचा आहे. एका वेताला पाच-सहा पिल्लं धरली तर त्यांना घरं तुम्ही कुठून आणणार?

आणि चावण्याबद्दल. घरचं असो की रस्त्यावरचं, कुत्रं चावलं किंवा नखानं ओरबाडलं तर जखम वाहत्या पाण्याखाली साबण लावून पंधरा मिनिटं धुवा. तिखट, चुना, तंबाखू यातलं काही भरू नका. मग त्याच दिवशी घाटी रुग्णालयात किंवा जवळच्या सरकारी दवाखान्यात जा. पोटातली चौदा इंजेक्शनं कधीच इतिहासजमा झाली. आता दंडात, ठरलेल्या तारखांना मोजके डोस असतात, आणि जखमेतून रक्त आलं असेल तर तिच्यातच वेगळं इंजेक्शन देतात. डोस अर्धवट सोडू नका. रेबीजची लक्षणं दिसू लागल्यावर माणूस वाचत नाही. लेकराला कुत्र्यानं ओरबाडलं तर ते माराच्या भीतीनं घरी सांगत नाही, म्हणून ‘सांगितलंस तर कुणी रागावणार नाही’ हे त्याला आजच सांगून ठेवा.

शेजाऱ्यांचंही थोडं ऐकावं लागतं. फिरवायला नेताना पट्टा हातात आणि खिशात कागद-पिशवी हवी. तुमच्या कुत्र्याची घाण दुसऱ्याच्या दारात राहता कामा नये. महापालिकेत त्याची नोंद करून घ्या. गळ्यातल्या पट्ट्यावर फोन नंबर लिहा, कारण दिवाळीच्या फटाक्यांनी बिथरून पळालेली कुत्री त्या नंबरामुळंच घरी परततात.

घरात कुत्रं ठेवणं ज्यांना शक्य नाही त्यांनाही करण्यासारखं बरंच आहे. दाराबाहेर सावलीत मातीचं पसरट भांडं भरून ठेवा आणि डास होऊ नयेत म्हणून एक दिवसाआड घासा. गल्लीतल्या मादीच्या नसबंदीसाठी महापालिकेकडं पाठपुरावा करा. कानाला छोटा कट असलेलं कुत्रं दिसलं तर त्याची नसबंदी झालेली आहे असं समजा. खंडोबाच्या तसबिरीत घोड्याजवळ कुत्रं असतं, दत्ताच्या पायाशी चार असतात; चंपाषष्ठीला साताऱ्याच्या खंडोबाला जाताना वाटेतल्या एखाद्या कुत्रीला भाकरीचा तुकडा टाका. आणि शेजारी कुणी कुत्रं चोवीस तास बांधून ठेवलं असेल तर भांडायला जाण्याआधी एकदा दार वाजवून विचारा, ‘काका, संध्याकाळी अर्धा तास मी फिरवून आणू का याला?’ पुष्कळदा त्या घरात कुत्रं फिरवायचं बळ नसलेलं म्हातारं जोडपं असतं, आणि ते लगेच हो म्हणतात.