मोठी गर्दी आणि मोठा कप

सुरतेहून एका वाचकाचे पत्र आले आहे. आपल्या जिल्ह्यातून कापडाच्या कामासाठी उधना-लिंबायतला गेलेली किती तरी कुटुंबे हे सदर वाचतात, त्यांतलेच हे एक आजोबा. नातवाने शाळेच्या प्रश्नमंजूषेत भारतातल्या सर्वांत मोठ्या गर्दीच्या फुटबॉल सामन्याचे उत्तर बरोबर दिले. पण त्या वर्षी कप कोणी जिंकला, हे घरात कोणालाच सांगता येईना!

ते वर्ष १९९७, स्पर्धा फेडरेशन कप. देशभरातल्या क्लबांची ही बाद पद्धतीची स्पर्धा, म्हणजे हरला की गाशा गुंडाळायचा. १३ जुलै, रविवार. कोलकात्याच्या सॉल्ट लेक स्टेडियमवर उपांत्य सामन्यात मोहन बागान आणि ईस्ट बंगाल समोरासमोर होते. प्रेक्षक होते १,३१,७८१. मुख्य सामना हाच, असे सारे शहर धरून चालले होते.

या दोन क्लबांचे वैर म्हणजे घरातलेच भांडण. फाळणीआधी आणि नंतर पूर्व बंगालमधून आलेली बहुतेक कुटुंबे ईस्ट बंगालची, पश्चिमेकडची मोहन बागानची. ईस्ट बंगाल जिंकले की हिलसा मासळी, मोहन बागान जिंकले की कोळंबी. माहेर एकीकडचे आणि सासर दुसरीकडचे असले, तर त्या दिवशी स्वयंपाकघरात काय होत असेल, याची कल्पना भगिनींनीच करावी!

मोहन बागानचे प्रशिक्षक अमल दत्त यांनी त्या मोसमात ‘डायमंड’ नावाची आक्रमक मांडणी आणली होती. (हिरा म्हटले की सुरतकरांचे कान टवकारणारच.) संघ गोलांचा पाऊस पाडत पुढे आला होता. दत्त यांची जीभही तितकीच धारदार. प्रतिस्पर्ध्यांच्या नावांची त्यांनी जाहीर टिंगल केली. सिक्कीमचा वीस वर्षांचा बायचुंग भुतिया त्यांच्या तोंडी ‘चुंग चुंग’ झाला. ईस्ट बंगालचे प्रशिक्षक पी. के. बॅनर्जी यांना आपल्या मुलांना चेतवायला आणखी काय हवे होते? ईस्ट बंगालने सामना ४-१ असा जिंकला. नझिमुल हकने पहिला गोल केला, उरलेले तीनही भुतियाचे. मोहन बागानचा एकुलता गोल चिमा ओकेरीचा. हिऱ्याला चांगलाच तडा गेला.

लोकांच्या आठवणीतली गोष्ट इथेच संपते. पण कप अजून कोणाच्याच हाती आला नव्हता! अंतिम सामना बाकी होता, आणि ईस्ट बंगालसमोर होता गोव्याचा साळगावकर. १९५६ साली वास्कोला सुरू झालेला हा एका उद्योगघराण्याचा क्लब. फेडरेशन कप जिंकणारा गोव्याचा पहिला संघही हाच, १९८८ आणि ८९ अशी लागोपाठ दोन वर्षे. गोवेकरांनी कोलकात्यातच, त्याच ईस्ट बंगालला २-१ असे हरवले आणि कप घरी नेला.

मला यात अन्याय दिसतो. भुतियाची हॅटट्रिक मोठी होतीच, तिचे कौतुक व्हायलाच हवे. पण पाहुणा संघ यजमानांच्या अंगणात येऊन अंतिम सामना जिंकतो आणि लक्षात राहते ती यजमानांची भाऊबंदकी, हे काही बरे नव्हे. आपल्याकडेही लग्नातला रुसवाफुगवा वर्षानुवर्षे आठवतो, नवरानवरीचा संसार कसा झाला हे कोणी विचारत नाही.

साळगावकरने मात्र पुन्हा तेच करून दाखवले. २०११ च्या डिसेंबरात फेडरेशन कपचा अंतिम सामना सॉल्ट लेकवर झाला, समोर पुन्हा ईस्ट बंगालच, आणि गोव्याचा संघ ३-१ ने जिंकला. पुढे २०१६ मध्ये हा क्लब राष्ट्रीय लीगमधून बाहेर पडला. २०१७ नंतर फेडरेशन कपही बंद झाला, त्याच्या जागी सुपर कप आला.