ग्रामसभेतल्या भांडणात फवारणीचा विषय राहून जातो

यवतमाळ : १५ ऑगस्टची ग्रामसभा तोंडावर आली की पऱ्हाटीवरच्या फवारणीलाही जोर चढलेला असतो. त्यामुळे ग्रामपंचायत सदस्यांपुढे दोन कामं एकदमच येतात. सभा शांततेत पार पाडायची आणि फवारणीतला धोका वॉर्डातल्या लोकांच्या कानावर घालायचा.

२०१७ चा हंगाम जिल्हा विसरलेला नाही. फवारणी करताना विषबाधा होऊन विसेक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो भरती झाले. सरकारला विशेष तपास पथक नेमावं लागलं. त्या वर्षी पऱ्हाटी डोक्याच्या वर गेली होती. फवारा वर धरावा लागला अन् औषध तोंडावर, छातीवर पडलं. दोन-तीन औषधं एकत्र केलेली, पंप जोराचा, हातमोजे-मास्क नाहीत. त्यात रोजीनं फवारणाऱ्या मजुराला बाटलीत काय आहे हेही कुणी सांगत नाही.

एवढं होऊनही सभेत या विषयाला वेळ मिळत नाही. घरकुलाची यादी निघाली की आवाज चढतो, कुणी मोबाईल काढून शूटिंग करतं, कुणी जुनं धुऱ्याचं भांडण उकरतं. बाया उठून जातात, मजूर तर आलेलाच नसतो. मोबाईलवरच्या ग्रुपात मग रात्रभर तोच तमाशा.

यात फायदा कुणाचा? सभेला मतदारांपैकी १५ टक्के किंवा १०० जण, यातली कमी असेल तेवढी हजेरी लागते. ती भरली नाही तर सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नाही. मग दहा-बारा जणांतच ठराव होतात. ज्यांना चर्चा नकोच असते, त्यांना गोंधळ परवडतो.

१५ ऑगस्ट २००७ ला तंटामुक्त गाव मोहीम आली, तेव्हा समित्यांनी धुऱ्याचे, पांदणीचे कितीतरी वाद गावातच मिटवले. पुढं बक्षिसं थांबली अन् समित्याही थंडावल्या. पण समितीला बसायला बक्षीस कशाला पाहिजे?

सदस्याच्या हातात एक साधी गोष्ट आहे. सभेची नोटीस सात दिवस आधी निघते. त्याआधीच फवारणीचा विषय ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे, म्हणजे आपल्या ग्रामसेवकाकडे, लेखी द्यावा आणि पोच घ्यावी. ग्रामसभेच्या आधी महिला सभा घ्यायचीच असते, तिथंही तो मांडावा. फवारणीचं पाणी बाया वाहतात, औषधानं भिजलेले कपडे त्याच धुतात.

तोवर वॉर्डात एवढं तरी सांगता येतं : उपाशीपोटी फवारू नये, वाऱ्याच्या विरुद्ध चालू नये. चक्कर, मळमळ, डोळ्यांपुढं अंधारी आली की काम सोडून भिजलेले कपडे काढावेत, अंग साबणानं धुवावं अन् १०८ ला फोन लावावा. औषधाची बाटली डॉक्टरला दाखवायला सोबत घ्यावी.