चिकूचा हप्ता
शेजारच्या वहिनींनी या आठवड्यात आपल्या पॉमेरेनियनसाठी, म्हणजे चिकूसाठी, विम्याचा फॉर्म आणला आणि सल्ल्याला मला बोलावलं. घरातल्या माणसांचा मेडिक्लेम कधी संपला, हे कुणालाच ठाऊक नाही, पण ते असो! मी बारीक अक्षरं वाचली: आधीचे आजार वगळलेले, सुरुवातीचे काही दिवस भरपाई नाही, लस चुकली की दावा बाद. लहान कुत्र्यांना छळतात ते दात-हिरड्यांचे आजार आणि सरकणारी गुडघ्याची वाटी. दातांची सफाई तर या विम्यात धरलेलीच नाही. मग विमा कशाला, वहिनी? दादरला राहता, परळचं प्राण्यांचं बैलघोडा हॉस्पिटल हाकेच्या अंतरावर आहे. गोचिडांचं औषध वेळेवर लावा आणि विम्याच्या हप्त्याचे पैसे दरमहा आरडीत भरा. चिकू आजारी पडला तर पैसे हाताशी. ठणठणीत राहिला तर व्याजासकट तुमचेच.