मानेचा एमआरआय: रिपोर्ट उघडण्याआधी

अमेरिकेत २०२१ पासून एमआरआयचा रिपोर्ट बऱ्याचदा डॉक्टरांच्या आधी तुमच्याच फोनवर येऊन पडतो. ‘सी५-सी६ डिजनरेशन, डिस्क बल्ज’ एवढं वाचलं की आपण तो पुण्यातल्या डॉक्टर भावाला व्हॉट्सॲपवर पाठवतो आणि रात्रभर गूगल करत बसतो. (मीही केलंय.)

जपानमध्ये मानेची काहीही तक्रार नसलेल्या १२११ जणांचे एमआरआय काढले, तर ८७.६ टक्के लोकांत चकती फुगलेली दिसली. विशीतल्या बहुतेकांतसुद्धा! २०१५ साली प्रसिद्ध झालेला हा आकडा प्रत्येक रिपोर्टखाली छापायला हवा, असं माझं स्पष्ट मत आहे. झीज पांढऱ्या केसांसारखी. ती दिसते म्हणजे दुखण्याचं कारण तीच, असं नाही.

म्हणून डॉक्टरांना एवढंच विचारा: माझ्या हातात जिथे मुंग्या येतात, तिथली नस याच मणक्यापाशी दबलीय का? तसं असलं तरी बहुतेकांना काही आठवड्यांत-महिन्यांत औषधं, व्यायाम, फिजिओथेरपीनेच आराम पडतो. शस्त्रक्रियेची घाई नको.

मात्र शर्टाची बटणं लावता येईनाशी झाली, चालताना तोल जाऊ लागला, लघवीवरचा ताबा सुटला, तर मज्जारज्जूच दबत असू शकतो. तेव्हा डिसेंबरच्या भारतवारीपर्यंत थांबू नका.