हंडा आणि नळी : औषधनिर्मितीविषयी एका चिकित्सकाचे मत

स्मरणिकेसाठी लेख मागताना संपादकांनी ‘वैद्यकाबाहेरचा विषयही चालेल’ असे आवर्जून कळविले होते. माझा विषय वैद्यकाबाहेरचा आहे की नाही, हे वाचकांनीच ठरवावे. ज्या औषधांची नावे आपण दिवसातून पन्नास वेळा लिहितो, ती बनतात कशी याविषयी आपल्यापैकी बहुतेकांचे ज्ञान यथातथाच असते. माझेही होते. एप्रिल 2021 मध्ये मला त्याची पहिल्यांदा लाज वाटली.

त्या महिन्यात रात्री दोन वाजताही फोन वाजत असे. नांदेड, लातूर, उदगीर येथील नातलग व जुने रुग्ण एकच विचारीत, “तुम्ही हैदराबादेत आहात, रेमडेसिविर तर तिथेच बनते, मग दोन कुप्या मिळत नाहीत?” ते म्हणत ते खरे होते. औषध आमच्याच शहरात बनत होते आणि माझ्याच रुग्णांना मिळत नव्हते. येथे एक कबुली देणे भाग आहे. रुग्णालयातील रुग्णांना हे औषध देऊ नये, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने नोव्हेंबर 2020 मध्येच केली होती (2022 मध्ये ती काही प्रमाणात बदलली). तरी आपण चिठ्ठ्या सढळ हाताने लिहिल्या. टंचाईत आपलाही वाटा होता. परंतु मागणी खरी असती, औषध रामबाण असते, तरी ते वेळेवर मिळाले असते का? हा प्रश्न माझ्या मनातून गेला नाही.

त्याचे उत्तर मला माझ्या एका रुग्णाने दिले. हे गृहस्थ बल्क ड्रगच्या कारखान्यांत तीस वर्षे काढून निवृत्त झालेले रसायनतज्ज्ञ. ते म्हणाले, “डॉक्टर गारू, तुम्हाला वाटते, बटण दाबले की औषध बाहेर पडते. एकेक पायरी म्हणजे एकेक मोठा हंडा. भरायचा, तापवायचा किंवा गार करायचा, रिकामा करायचा, धुवायचा, तपासायचा, मग पुढचा.” हीच बॅच पद्धत. मूळ निर्मात्या गिलियड कंपनीने 2020 मध्ये जाहीर केले होते की, रेमडेसिविरच्या निर्मितीचा आरंभापासून अखेरपर्यंतचा काळ त्यांनी सुमारे एका वर्षावरून सहा महिन्यांच्या आसपास आणला. साथीची लाट काही सहा महिने थांबत नाही.

दुसरी पद्धत सतत-प्रवाही रसायनप्रक्रियेची, ज्याला आता सर्वत्र ‘फ्लो केमिस्ट्री’ म्हणतात. हंड्याऐवजी बारीक नळी असते. दोन बाजूंनी द्रव्ये पंपाने सोडायची, ती नळीत भेटतात, काही सेकंदांत वा मिनिटांत अभिक्रिया पूर्ण होते आणि पदार्थ दुसऱ्या टोकाने अखंड बाहेर पडतो. डॉक्टरांना यातील मर्म सांगायला नको. फुप्फुसात वायूंची देवाणघेवाण एखाद्या मोठ्या पिशवीत न होता केशवाहिन्यांच्या जाळ्यात का होते? आकारमानाच्या मानाने पृष्ठभाग प्रचंड मिळतो म्हणून. नळीतही तेच घडते. उष्णता तत्काळ बाहेर जाते, मिश्रण एकसारखे होते, आणि कोणत्याही क्षणी अभिक्रिया होत असलेले द्रव्य फार थोडे असते. बिघाड झाला तर हजारो लिटरचा हंडा उसळण्याऐवजी पेलाभर द्रव वाया जातो.

विषाणुरोधी औषधांच्या बाबतीत हा शेवटचा मुद्दा मोलाचा आहे. रेमडेसिविरच्या एका टप्प्यावर रेणूला सायनाइडचा गट जोडावा लागतो, तोही अतिशय कमी तापमानात, आणि त्यात हायड्रोजन सायनाइड निर्माण होण्याचा धोका असतो. गिलियडच्या रसायनतज्ज्ञांनी नेमकी हीच पायरी मोठ्या प्रमाणावर नळीतून पार पाडल्याचे प्रसिद्ध केले आहे. ऑसेल्टामिविरचे उदाहरण याहून बोलके आहे. चक्रीफुलापासून मिळणाऱ्या शिकिमिक आम्लातून ते बनविण्याच्या प्रचलित मार्गात सोडियम अझाइड वापरावे लागते. आपल्या पॅथॉलॉजिस्ट मित्रांना हे द्रव्य परिचित आहे. प्रयोगशाळेतील अभिकर्मकांत परिरक्षक म्हणून ते चिमूटभर असते, आणि तेवढेही तांब्या-शिशाच्या नळात ओतू नये, स्फोटक क्षार बनतात, असा इशारा बाटलीवर असतो. औषधाच्या कारखान्यात ते पोत्यांनी लागते. दक्षिण आफ्रिकेतील नेल्सन मंडेला विद्यापीठात संपूर्ण ऑसेल्टामिविर शिकिमिक आम्लापासून नऊ पायऱ्यांत नळीतूनच तयार करून दाखविण्यात आले. नळीतील एकूण वास्तव्य सुमारे साडेतीन मिनिटे आणि एकूण उत्पन्न 54 टक्के, असे 2020 मध्ये त्यांनी नोंदविले. प्रयोगशाळा आणि कारखाना यांत अंतर असते, हे मान्य. पण हे काम आफ्रिकेत व्हावे, याचा अर्थ मला स्पष्ट दिसतो. बाहेरून येणाऱ्या औषधांची वाट पाहत ज्या खंडाने लाखो माणसे गमावली, त्याला ही गरज आपल्याआधी कळली.

हैदराबादला ती कळायला हवी होती. बालानगरच्या आयडीपीएलमधून येथे औषधउद्योगाचे बीज पडले. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतून आलेले डॉ. ए. व्ही. रामाराव हैदराबादच्या आयआयसीटीचे संचालक असताना तेथे झिडोव्हुडिनची प्रक्रिया विकसित झाली आणि सिप्लाने ते औषध बाजारात आणले. फेब्रुवारी 2001 मध्ये सिप्लानेच एचआयव्हीवरील तीन औषधांचा वर्षाचा उपचार 350 डॉलरला देऊ केला, तेव्हा पाश्चात्त्य देशांत त्याला दहा हजारांहून अधिक डॉलर पडत होते. या इतिहासाचा मला अभिमान आहे. मात्र तो हंड्यांचा इतिहास आहे, आणि त्याची किंमत पाटणचेरूच्या ओढ्यांनी व कामगारांनी मोजली आहे. 30 जून 2025 रोजी पाशमैलारमच्या कारखान्यात स्फोट होऊन चाळीसहून अधिक जीव गेले. तो स्फोट वाळवणी विभागातला होता. नळीने तो टळला असता, असे मी म्हणणार नाही. पण धोकादायक द्रव्य एका जागी किती साठवायचे, हा प्रश्न दोन्हीकडे एकच आहे.

मग कारखानदार हे स्वीकारत का नाहीत? माझ्या त्या रुग्णमित्राला विचारले, तर ते हसले. “हंड्यांचे कर्ज कधीच फिटले आहे. नळी घ्यायची तर नवीन पैसा, नवीन माणसे. शिवाय घन पदार्थ तयार झाला की नळी तुंबते.” आक्षेप खोटे नाहीत. तुंबणाऱ्या नळीचे दुःख हृदयरोगतज्ज्ञांना सांगायला नकोच! परंतु सर्व पायऱ्या नळीतून व्हाव्यात, असा आग्रह कोणीच धरत नाही. ज्या दोन-तीन पायऱ्या धोक्याच्या वा वेळखाऊ आहेत, तेवढ्या नळीत न्याव्या, बाकीच्या हंड्यात राहू द्याव्या. नियामकांची सबबही आता चालणार नाही. दारुणाविरच्या गोळ्या बनविण्याच्या टप्प्यापुरती का होईना, अमेरिकेच्या एफडीएने 2016 मध्येच बॅचऐवजी सतत-प्रवाही पद्धतीला परवानगी दिली, आणि 2022 मध्ये त्यासाठीचे आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्व ‘क्यू 13’ अंतिम झाले. विद्याही घरची आहे. पुण्याच्या त्याच प्रयोगशाळेतील डॉ. अमोल कुलकर्णी यांना 2020 चे भटनागर पारितोषिक मिळाले. सूक्ष्म अभिक्रियापात्रे हाच त्यांच्या कामाचा विषय.

खरी अडचण माझ्या मते खरेदीच्या पद्धतीत आहे. शासन सर्वांत कमी दराची निविदा स्वीकारते. साथ येईल तेव्हा चार आठवड्यांत किती औषध देऊ शकाल, हे त्या निविदेत कोणी विचारत नाही. जो कारखानदार केवळ दरावर निवडला जातो, तो नवी यंत्रणा कशासाठी उभारील? अग्निशामक दलाला आपण आगी मोजून पगार देत नाही. विषाणुरोधी औषधांच्या शासकीय खरेदीत काही भाग तरी अशा सज्ज क्षमतेसाठी राखून ठेवावा, आणि ही मागणी डॉक्टरांच्या संघटनांनी करावी. कारण औषध नसल्याचे रुग्णाला तोंडावर सांगण्याचे काम अखेर आपल्याकडेच येते.

पुढील वार्षिक संमेलनात एक व्याख्यान रसायनतज्ज्ञाचे ठेवावे, अशी सूचना मी कार्यकारिणीला केली आहे. माझ्या त्या रुग्णमित्राने यायचे कबूल केले आहे. भाषण हिंदीत चालेल ना, की मराठी शिकून यावे लागेल, एवढेच त्यांनी विचारले आहे.